एक नग रिकामी पुंगळी

काटकसरीत मला हरवेल असा माणूस निदान घाटकोपर पूर्वेला तरी नाही, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. आमच्या घरात दुधाची पिशवी मरत नाही. ती धुऊन मोरीच्या फरशीवर चिकटते, वाळली की कोथिंबिरीच्या कामी येते आणि म्हातारपणी इतर दुधाच्या पिशव्या सांभाळते. माझा बनियन आधी बाहेरचा असतो, मग घरातला, मग स्कूटर पुसायचा. स्कूटर विकली, फडकं आहे. टूथपेस्टची ट्यूब आम्ही आधी लाटण्याने लाटतो, मग कात्रीने उभी चिरतो, आणि पुढे आठवडाभर घरातली सगळी माणसं ब्रश घेऊन तिच्यात उत्खनन करतात. लग्नात आलेलं आहेराचं पाकीट नाव झाकून पुढच्या लग्नात जातं. एक पाकीट तर असं फिरत फिरत आमच्याच घरी परत आलं. आत रक्कमही तीच होती.

अशा सुखी संसारात मे महिन्यात टेक्सासहून साडू आले.

आमचे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमेरिकेत राहून माणूस उधळ्या होतो असं आपण ऐकतो. म्हणून मी त्यांच्यावर छाप पाडायला पहिल्याच दिवशी चिरलेली ट्यूब पुढे केली. त्यांनी ती पाहिली, शांतपणे ब्रश फिरवला आणि म्हणाले, "छान. आम्ही तिकडे गोळ्या परत वापरतो."

"कुठल्या? बीपीच्या?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पिस्तुलाच्या."

घरात शांतता पसरली. म्हणजे पंतनगरात जेवढी पसरू शकते तेवढी. डोक्यावरून सहारला उतरणारं एक विमान गेलं, आणि ते जाईपर्यंत मला कळून चुकलं होतं की आपला विक्रम गेला.

साडूंना निवृत्तीनंतर नेमबाजीचा नाद लागलाय. दर शनिवारी ते तिकडच्या मैदानावर जाऊन पुठ्ठ्याच्या चकत्यांना भोकं पाडतात. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी पिस्तुलातून बाहेर उडते. जगातली उधळी माणसं ती तिथेच सोडून जातात. साडू सोडत नाहीत. एवढंच नाही, शेजारच्या माणसाने सोडलेलीही ते वाकून उचलतात. "लोक टाकून देतात हो!" हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकले की मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मीही आमच्या जिन्यात लोकांनी टाकलेले कुरिअरचे खोके असाच उचलतो.

"काडतुसाचे भाग चार," साडूंनी जेवणाच्या टेबलावर ताबा घेतला. "पुंगळी, बुडाची टिकली, दारू आणि पुढची शिशाची गोळी. गोळी गेली, दारू जळली, टिकली फुटली. राहिली कोण? पुंगळी! आणि चौघांत महाग कोण? पुंगळीच! म्हणजे सगळ्यात महाग वस्तू शाबूत आणि आपण ती फेकून द्यायची?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. आमच्या घराण्यात तो श्रीखंडाच्या डब्याच्या बाबतीत तीन पिढ्या चालत आलाय.

मग प्रात्यक्षिक. पुंगळ्या नव्हत्या म्हणून बॉलपेनांची टोपणं आली. दारू म्हणून रवा. गोळी म्हणून शेंगदाणे. टिकली म्हणून बायकोने खरोखरच टिकली दिली. यंत्र म्हणून साडूंनी चकलीचा सोऱ्या मागितला, कारण त्यांच्याकडे टेबलाला बोल्टने पक्कं केलेलं दांड्याचं एक दाबयंत्र आहे, आणि सोऱ्यालाही दांडा होता. "आधी पुंगळी तपासायची. भेग असेल तर बाद. मग स्वच्छ करायची. त्यासाठी ढोलासारखं एक फिरतं यंत्र असतं, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालून तासन्‌तास घुसळायचं."

"अक्रोडाच्या?" बायको थांबली. "भाऊजी, इथे अक्रोडाचा भाव माहितेय का? पितांबरी लावा की."

"मग दाबयंत्रात घालून फुगलेली पुंगळी मापात आणायची. बुडाची जुनी टिकली काढायची, नवी बसवायची. दारू तोलून घालायची. गोळी बसवायची. झालं काडतूस!"

एवढं सोपं म्हटल्यावर साडूंचा चेहरा गंभीर झाला. आता सुरक्षिततेचं प्रकरण सुरू होणार होतं आणि, खरं सांगतो, हे प्रकरण ऐकून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. टेबलावर एका वेळी एकच दारू. दुसऱ्या दारूचा डबा खोलीतसुद्धा नको. दारूचं वजन छापील पुस्तकात दिलंय तेवढंच. अंदाज, अनुभव, हाताचं माप, सगळं वर्ज्य. डोळ्यांवर चष्मा. आसपास विडीकाडी नाही. खाणं-पिणं नाही, कारण शिसं पोटात जाईल. उठताना हात साबणाने धुवायचे. प्रत्येक खेपेची वहीत नोंद. आणि सगळ्यात मोठा नियम: लक्ष विचलित होता कामा नये.

"का बरं?" मी विचारलं.

साडूंनी एका टोपणात चिमूटभर रवा घातला. "ही बरोबर मात्रा." मग त्याच टोपणात आणखी एक चिमूट घातली. "ही दुप्पट. बाहेरून फरक दिसतो?"

दिसत नव्हता. टोपणात अजून भरपूर जागा होती.

"पिस्तुलाची दारू जलद जळणारी आणि मात्रा इवलीशी. पुंगळीत दोनदा पडली तरी सांडत नाही. आणि मग हातातच पिस्तूल फुटतं. उलट मात्रा घालायचीच राहिली तर नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यावर जाऊन अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर पुन्हा तेच. म्हणून प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायचं. मध्ये कुणी हाक मारली, आणि 'आपण कुठवर आलो होतो' असा प्रश्न नुसता मनात जरी आला, तरी ताटातल्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात."

ते हे बोलत असताना बेल वाजली. इस्त्रीवाला. तो गेला, पुन्हा बेल. कचरा. साडूंनी "कुठवर आलो होतो" असं म्हटलं आणि नियमाप्रमाणे सगळा रवा पुन्हा वाटीत ओतला. मग पोळ्यांच्या बाई आल्या. मग वॉचमनने सांगितलं की पाणी साडेदहालाच जाणार. मग कुरिअर आलं, ते वरच्या मजल्याचं होतं. मग खाली हापूसवाला ओरडला, आणि आमच्या मजल्यावरच्या तीन गॅलऱ्यांतून भावाची घासाघीस सुरू झाली. दर खेपेला साडू रवा वाटीत ओतत होते. दुपारी एकपर्यंत एकही टोपण भरून झालं नाही. पाचव्या वेळी बायकोने ती वाटी उचलून नेली आणि रव्याचा उपमा केला. घाटकोपरला ही कला का रुजली नाही याची लोक कायदेशीर कारणं देतील. माझ्या मते खरं कारण दाराची बेल आहे.

"तिकडे तुमच्या घरी बेल वाजत नाही?" मी विचारलं.

उत्तर त्यांच्याबरोबर आलेल्या मेव्हणीने दिलं. "गॅरेजमध्ये दार लावून बसतात. दारावर पाटी आहे: 'काम चालू, बोलू नये.' मी स्वयंपाकाला मदत मागायला गेले की आतून ओरडतात, 'सेफ्टी! सेफ्टी!' शनिवार मैदानावर, रविवार गॅरेजात. अहो, यांना गोळ्यांचा नाद नाहीये. जगात नवऱ्याशी बोलणं जिथे प्राणावर बेतू शकतं असा हा एकच छंद यांना सापडला, म्हणून यांनी तो धरला."

साडूंनी शेंगदाणा खाल्ला. मी खिडकीबाहेर बघितलं. असा छंद आपल्याला चाळिशीत का सुचला नाही, या विचाराने क्षणभर माझ्याही काळजात कळ आली.

तेवढ्यात समोरचे गुजराती शेजारी वाटीभर छुंदा घेऊन आले आणि सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एका गोळीमागे सुटतात किती?"

साडूंनी खिशातून वही काढली. तिकडे विकतच्या गोळीपेक्षा घरची जवळजवळ निम्म्यात पडते, असा त्यांचा हिशोब होता.

"आणि मशीन केवढ्याचं?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"ते एकदाच घ्यायचं असतं."

"एकदा?" मेव्हणी म्हणाली. "दाबयंत्र झालं. मग तराजू. तो बरोबर नाही म्हणून दुसरा तराजू. तो घुसळणारा ढोल. दिवा. कपाट. कपाटाला कुलूप. आणि गोळी स्वस्त पडते म्हणून हे आता पूर्वीच्या दुप्पट झाडतात!"

शेजाऱ्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली, सहानुभूतीने साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि छुंद्याची रिकामी वाटी परत मागून घेतली.

आता माझी पाळी होती. मी उभा जन्म लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढला. निवृत्तीनंतर पितळ या विषयावर माझं मत कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच मी ते दिलं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हेच प्रमाण का, तर हा धातू न फाटता खोल ओढता येतो. चकतीची वाटी होते, वाटीची नळी होते. गोळी उडते तेव्हा पुंगळी फुगते, बंदुकीच्या घराला आतून घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब संपला की किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर पडते. लोखंड इतकं समजूतदार नाही. मात्र दर खेपेला पितळ थोडं कडक होत जातं, आणि शेवटी तोंडाशी चिरतं.

"आणि आपल्या पावसाळ्याने तर ब्रिटिशांच्या पुंगळ्या न वापरताच चिरल्या होत्या!" मी खुर्चीच्या कडेवर आलो. "हिंदुस्थानातल्या त्यांच्या फौजा पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाची दमट हवा, आणि पितळेच्या अंगात बनवतानाच राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की नव्याकोऱ्या पुंगळ्यांना आपोआप भेगा. पावसाळ्यात व्हायचं म्हणून त्याला नावही ऋतूचंच पडलं. नीट उलगडा झाला १९२१ साली! उपाय काय, तर बनवून झाल्यावर हलकी ऊब द्यायची, म्हणजे अंगातला ताण जातो."

मी टाळ्यांसाठी थांबलो. साडू डुलकी घेत होते. मेव्हणी म्हणाली, "म्हणजे तुमच्या जिन्याखाली ठेवू नयेत." आमच्या जिन्याखाली रात्री कोण काय करतं हा सोसायटीच्या दोन सर्वसाधारण सभांचा विषय होऊन गेलाय, त्यामुळे यावर मला बोलता आलं नाही.

खरा धक्का पुढे होता. बायको ताटं मांडता मांडता म्हणाली, "आमच्या वेळी खोका हरवला तर जेवण मिळायचं नाही."

"कसला खोका?"

"रिकाम्या पुंगळीला आम्ही एनसीसीत खोकाच म्हणायचो. पॉइंट टू-टू रायफल. पाच राउंड मोजून द्यायचे आणि पाच खोके मोजून घ्यायचे. आमच्या शिबिरात एकदा एक कमी भरला. अख्खी तुकडी गवतात रांगत होती. हवालदारसाहेब म्हणाले, खोका मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ऊन, काटे, मुंग्या. दोन तासांनी एका मुलीच्या कॉलरमधून निघाला. गरम गरम आत गेला होता आणि ती शिस्तीमुळे ओरडली नव्हती."

"आणि तुझी नेमबाजी?"

"पाचही गोळ्या मधोमध. तेव्हा तू कुठे होतास?"

ही माहिती मला मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांबरोबर मिळायला हवी होती. इतकी वर्षं मी या बाईशी किती बेफिकीरपणे वाद घातले ते आठवून मी गप्प बसलो.

साडूंना मात्र जाग आली. "पॉइंट टू-टू? मग तुमचे खोके परत भरताच आले नसते," ते म्हणाले. "त्यात वेगळी टिकली नसतेच. स्फोटक असतं बुडाच्या काठात, आतल्या बाजूने. घोडा काठावर आपटतो, काठ चेमटतो, खेळ खलास."

म्हणजे बघा. मध्य रेल्वेने आम्हा घाटकोपरकरांना दिलेलं सुख कमीच, पण तिचा एक तिकीट तपासनीस, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलचं कांस्यपदक घेऊन आला. रायफल पॉइंट टू-टू. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेही पॉइंट टू-टूच. आणि अंजली भागवत जागतिक क्रमवारीत पहिल्या नंबरावर पोचली ती हवेच्या रायफलीवर, जिच्या छऱ्याला पुंगळीच नसते. महाराष्ट्राने नेमबाजीत नाव काढलं ते नेमकं जिथे काही वाचवता येत नाही अशाच प्रकारांत. एका काटकसरी समाजाला हा दैवाने मारलेला टोमणा नाही तर काय?

कोपऱ्यात सासरे बसले होते. ते सिंधुदुर्गातल्या आपल्या गावाहून डोळ्यांच्या ऑपरेशनला आलेले, आणि सकाळपासून प्रात्यक्षिकातल्या निम्म्या गोळ्या त्यांनीच खाल्ल्या होत्या. त्यांनी शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकला आणि थोरल्या जावयाला विचारलं, "ह्याका तुमी रिलोडिंग म्हणतास?"

"हो बाबा."

"आमच्या ठासणीच्या बंदुकेत पुंगळीच नाय. नळयेत वरसून दारू घालूची, चिंधी कोंबूची, गजान ठासूची. दर वखताक भरूचीच लागता. माझो आजो पण रिलोडिंगच करी होतो. त्येका कोणी टेक्सासाक बोलावल्यान नाय."

साडू गप्प. सासऱ्यांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. बंदूक वर्षभर खुंटीला असते आणि माकडं, डुकरं, गवे आले की आवाज काढायला खाली उतरते. खाली उतरायचा तिचा दुसरा प्रसंग म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ग्रामपंचायत झाली की जिल्हा परिषद, मग विधानसभा, मग लोकसभा.

"बंदूक माझ्यापेक्षा जास्त दिस पोलिसांकडे ऱ्हवली," सासरे म्हणाले. "पण माकडांका कोण सांगतलो, आचारसंहिता लागली म्हणान?"

साडूंची सुट्टी संपत आली. विमान पहाटेचं होतं. संध्याकाळी मेव्हणी बॅगा भरत होती. टेक्सासहून येताना विमानात थंडी वाजते म्हणून साडूंनी घातलेलं जाकीट महिनाभर कपाटात पडून होतं. तिने ते झटकलं, आणि टण्ण असा एक स्वच्छ, गोड आवाज झाला. पितळेचा. मी हा आवाज झोपेतही ओळखतो.

फरशीवरून एक पुंगळी गडगडत जाऊन सासऱ्यांच्या पायाशी थांबली.

साडू पांढरे पडले. टेक्सासहून निघण्याआधीच्या शनिवारी मैदानावर उचलून खिशात टाकलेली, आणि मग जाकीट न झटकता विमानात. मी धावत जाऊन जुनं भिंग आणलं. पुंगळीच्या तोंडाशी भेग नव्हती, बुडाला आपटीची एकच खूण. "उत्तम स्थितीत आहे," मी जाहीर केलं. "अजून सहज काही वेळा भरता येईल." बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्या मधोमध लागलेल्या पाच गोळ्या आठवल्या.

त्यानंतर तासभर आमच्या घरात एका अंगठ्याएवढ्या वस्तूवरून जे झालं ते एखाद्या वाटणीच्या भांडणातही होत नाही. बायको म्हणाली, पितांबरीने घासून उदबत्तीचं घर करू. भोक मापाचं होतं. सासरे म्हणाले, देवासमोर काडतूस नको. मी म्हटलं, भंगारात देऊ, पितळेला भाव चांगला आहे. गल्लीच्या तोंडावरच्या भंगारवाल्याने ती हातात घेतली, उलटी केली आणि इंगळी असल्यासारखी परत माझ्या तळहातावर ठेवली. "साहब, हंडा लाओ, नल लाओ, घंटी लाओ. गोली का माल अपुन नहीं लेता." शेजारी म्हणाले, खाडीत टाका. साडू म्हणाले, रस्त्यात कॅमेरे आहेत. मेव्हणी म्हणाली, कॅमेऱ्यात तुम्ही खाडीत पितळ टाकताना दिसाल की गोळी, याचा विचार करा. मग साडू खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त हवालदारकाकांना बोलावलं. ते बनियनवर आले, पुंगळी न शिवता तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"आर्म्स ॲक्ट, एकोणीसशे एकोणसाठ," ते म्हणाले. काही माणसं 'श्री गणेशाय नमः' म्हणतात त्या सुरात. "त्यात दारूगोळा म्हणजे नुसती भरलेली गोळी नव्हे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायचं यंत्रसुद्धा दारूगोळाच. परवान्याशिवाय बनवणं हा वेगळा गुन्हा, बाळगणं हा वेगळा. साहेबांनी सोऱ्याऐवजी खरं यंत्र आणलं असतं ना, तर आज तुम्ही सगळे माझ्याशी ठाण्यात बोलत असता. इकडे पुंगळ्या भरायची हौस असेल तर खडकीला नाहीतर वरणगावला सरकारी कारखान्यात नोकरी धरायची. खडकीचा तर १८६९ सालचा. दीडशे वर्षं भरतायत, पण कुणी जाकिटात घालून घरी नेत नाही."

"पण मला माहीतच नव्हतं ती खिशात आहे," साडू काकुळतीला आले.

"बरोबर. कोर्ट ते ऐकतं. जाणूनबुजून बाळगली होती का, हे बघतात. सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. फक्त तुमचं म्हणणं कोर्टाने ऐकेपर्यंत तुमचं विमान टेक्सासला पोचलेलं असतं. तुम्ही नसता." काकांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि पुंगळीचं मला सांगू नका. आमच्या फायरिंगच्या सरावाला जेवढे राउंड दिले तेवढ्या पुंगळ्या परत. एक कमी पडली की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे गवतात."

"कॉलरमध्ये बघायचं," बायको आतून म्हणाली. काकांनी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मग त्यांनी अर्जाचा मजकूर सांगितला आणि मी तो, अर्थातच, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. 'मी खाली सही करणार, राहणार टेक्सास, सध्या मुक्काम पंतनगर, घाटकोपर पूर्व, लिहून देतो की, माझे जाकिटाचे उजवे खिशात एक नग रिकामी पुंगळी, पितळी, बुडाशी आपटीची खूण असलेली, मिळून आली. सदर पुंगळी ही माझे खिशात नकळत राहून गेलेली असून ती स्वखुशीने जमा करीत आहे.' काकांनी तो वाचला, 'मिळून आली'वर समाधानाने मान डोलावली आणि शर्ट घालायला घरी गेले.

ठाण्यात सगळं दहा-पंधरा मिनिटांत झालं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने अर्ज वाचला, पुंगळी पाकिटात घातली, नोंद केली आणि पोच दिली. वर्दीच्या आत माणूस असतो, तसा तो होताच. त्याने सहज कुतूहलाने विचारलं, "पण काका, तिकडे ह्या रिकाम्या पुंगळ्यांचं करता काय तुम्ही?"

साडूंचे डोळे चमकले. "काडतुसाचे भाग चार," त्यांनी सुरुवात केली.

मेव्हणीने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

पहाटे ते सुखरूप गेले. महिन्याभराने फोनवर कळलं की गॅरेजच्या दारावर आता दुसरी पाटी आहे: 'बाहेर जाण्यापूर्वी खिसे तपासावेत.' ती मेव्हणीने लावलीय. ती रोज ते स्वतः तपासते, आणि त्यानिमित्ताने गॅरेजात जाऊन बोलतेही.

तर अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या तमाम साडू, मेव्हणे, भाचे, पुतणे मंडळींना हात जोडून विनंती आहे. बदाम आणा, चॉकलेटं आणा, हॉटेलातल्या शाम्पूच्या बाटल्या आणा, अक्रोडाची टरफलं आणली तरी चालतील, आमची ही त्यांचंही काहीतरी करेल. पण निघायच्या आदल्या रात्री जाकिटाचे, बॅगेचे, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यांचे सगळे खिसे उलटे करा आणि जोरात झटका. टण्ण असा आवाज आला, तर ती वस्तू तिकडेच ठेवून या.